फंक्शनबद्दल नेहमी विचारले जाणारे प्रश्न: नाशिकच्या नवशिक्या कोडरांसाठी

आमच्या रविवारच्या कोडिंगच्या वर्गात सातपूर-अंबडला शिफ्ट करणारे कामगार असतात, कॉलेजची मुलं असतात आणि निफाड-चांदवडकडून सकाळच्या एसटीने येणारेही असतात. व्हेरिएबल, इफ आणि लूपपर्यंत सगळ्यांचं बरं चालतं. फंक्शन आलं की हात वर व्हायला लागतात, आणि दर बॅचला प्रश्न तेच. म्हणून उत्तरं एकदाची लिहून काढली.

उदाहरणं पायथॉनमधली आहेत. वाचायला सोपं जावं म्हणून कोडही इथे देवनागरीत दिलाय. मशीनवर मात्र डेफ, रिटर्न, प्रिंट हे शब्द आणि सगळे आकडे रोमन लिपीतच टाइप करायचे.

लूप येतं, इफ येतं. मग फंक्शन कशाला हवं?

दहा ओळींच्या प्रोग्रॅमला नकोच. उगाच कशाला.

पण समजा, घरच्या कांद्याच्या पट्टीचा, म्हणजे माल विकल्यावर मिळणाऱ्या बिलाचा हिशेब तुम्ही कोडमध्ये मांडलात. भुईकाट्यावर भरलेल्या ट्रॅक्टर-ट्रॉलीचं वजन, माल खाली केल्यावर रिकाम्याचं वजन, मधला फरक, त्याचे क्विंटल, गुणिले भाव, वजा हमाली-तोलाई. एका ट्रॉलीसाठी सहा-सात ओळी झाल्या. दुसऱ्या ट्रॉलीसाठी त्याच ओळी कॉपी-पेस्ट केल्या, तिसऱ्यासाठी परत. आता हमालीचा दर बदलला. तीन ठिकाणी बदलायचा, आणि एक ठिकाण हमखास राहून जातं. प्रोग्रॅम एररही देत नाही, गुपचूप चुकीची रक्कम देतो. हिशेब एकाच जागी लिहून त्याला नाव द्यायचं आणि लागेल तेव्हा त्या नावाने बोलवायचं, एवढ्यासाठी फंक्शन.

ही गरज संगणकाइतकीच जुनी आहे. केंब्रिजचा एडसॅक हा संगणक १९४९ साली सुरू झाला, आणि तिथल्या डेव्हिड व्हीलर वगैरे मंडळींनी पुन्हा पुन्हा लागणारे प्रोग्रॅमचे तुकडे कागदी टेपवर पंच करून कपाटात लावून ठेवले होते. हवा तो तुकडा काढून आपल्या टेपला जोडायचा.

बरं, लिहायचं कसं?

असं:

डेफ निव्वळ_क्विंटल(भरलेलं, रिकामं):
    रिटर्न (भरलेलं - रिकामं) / १००

डेफ पट्टी_रक्कम(क्विंटल, भाव, हमाली=१०):
    रिटर्न क्विंटल * भाव - क्विंटल * हमाली

माल = निव्वळ_क्विंटल(६२४०, ३५२०)
प्रिंट(पट्टी_रक्कम(माल, १५००))

उत्तर ४०५२८.० येतं. कागदावर पडताळून बघा: २,७२० किलो म्हणजे २७.२ क्विंटल, १,५०० च्या भावाने ४०,८०० रुपये, त्यातून क्विंटलमागे १० प्रमाणे २७२ वजा. भाव आणि हमाली दोन्ही उदाहरणापुरते घेतलेत, त्यावरून बाजार समितीत कुणाशी वाद घालू नका.

फंक्शन लिहिलं, रन केलं, स्क्रीन कोरीच. एररसुद्धा नाही.

बोलावलंच नाहीत. डेफने फक्त नोंद होते, आतलं काम होत नाही. खाली नाव आणि कंस लिहून हाक मारावी लागते.

कंस विसरला तरी असंच काहीसं होतं. नुसतं प्रिंट(पट्टी_रक्कम) लिहिलं तर फंक्शनचं नाव आणि मेमरीतला पत्ता असलं काहीतरी छापलं जातं. तेव्हा घाबरायचं नाही, कंस घालायचा.

तिसरं कारण इंडेंटेशन. हाक मारणारी ओळ चार स्पेस आत राहून गेली, की ती फंक्शनचाच भाग होते. मग फंक्शन स्वतःलाच आतून बोलावण्याची वाट बघत बसतं आणि बाहेरून कुणी बोलवतच नाही.

प्रिंट आणि रिटर्नमध्ये फरक काय? दोन्हींनी उत्तर तर दिसतंच.

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच. उरलेल्या निम्म्या शंकांचं मूळही इथेच सापडतं, म्हणून जरा थांबून वाचा.

प्रिंट स्क्रीनवर अक्षरं दाखवतं. ती तुमच्या डोळ्यांसाठी असतात, प्रोग्रॅमच्या हाती काही लागत नाही. रिटर्न उत्तर प्रोग्रॅमला परत देतं. ते व्हेरिएबलमध्ये ठेवता येतं, त्यात बेरीज करता येते, दुसऱ्या फंक्शनला देता येतं. लिलावात भाव पुकारला म्हणजे पैसे हातात पडले असं नाही ना, तसंच हे.

करूनच बघा. पट्टी_रक्कममधलं रिटर्न काढून तिथे प्रिंट टाका. एका ट्रॉलीला सगळं ठीक वाटेल. आता दोन ट्रॉल्यांची बेरीज करा:

एकूण = पट्टी_रक्कम(२७.२, १५००) + पट्टी_रक्कम(३१, १४२०)

दोन्ही रकमा स्क्रीनवर दिमाखात येतील आणि पुढच्याच क्षणी टाइपएरर. मेसेजमध्ये नन-टाइप हा शब्द दिसेल. ज्या फंक्शनला रिटर्न नाही, त्याच्याकडून पायथॉन नन ही किंमत परत देतो. तुम्ही नन अधिक नन करायला सांगितलंत, ते कसं होणार?

अजून एक खूण. उत्तर बरोबर छापलं जातं आणि त्याच्या खालच्या ओळीत एकटंच नन येतं. याचा अर्थ फंक्शनच्या आतही प्रिंट आहे आणि बाहेरूनही तुम्ही त्यालाच प्रिंट लावलंय.

माझा हट्ट असा: हिशेब करणाऱ्या फंक्शनमध्ये प्रिंट असूच नये. जे लागेल ते कंसातून घ्यायचं, जे निघेल ते रिटर्नने द्यायचं. छापाछापीचं काम बाहेर, एका वेगळ्या जागी. सुरुवातीला हे उगाच सोवळं वाटतं. पण तीच रक्कम उद्या फाइलमध्ये लिहायची, व्हॉट्सअॅपवर पाठवायची किंवा महिन्याच्या बेरजेत धरायची म्हटली, तर फंक्शनला हात न लावता काम होतं.

आणि हो, रिटर्न झालं की फंक्शन तिथेच संपतं. त्याच्याखाली लिहिलेली ओळ कधीच चालत नाही.

पॅरामीटर आणि आर्ग्युमेंट, परीक्षेत दोन मार्कांना येतं. फरक?

डेफच्या कंसातली नावं पॅरामीटर, हाक मारताना दिलेल्या किमती आर्ग्युमेंट. वरच्या कोडमध्ये ‘भरलेलं’ हा पॅरामीटर आणि ६२४० हे आर्ग्युमेंट. रोजच्या बोलण्यात लोक एकाच्या जागी दुसरं वापरतात, काही बिघडत नाही.

वजन उणे आलं! असं कसं?

क्रम उलटा दिलात. निव्वळ_क्विंटल(३५२०, ६२४०) लिहिलं की उत्तर उणे २७.२. पायथॉनला आकड्यांचा अर्थ कळत नाही, पहिला आकडा पहिल्या नावाला आणि दुसरा दुसऱ्याला एवढंच त्याला ठाऊक.

इथे निदान उत्तर उणे आलं म्हणून लक्षात तरी आलं. पट्टी_रक्कमला क्विंटलच्या जागी भाव आणि भावाच्या जागी क्विंटल दिलात, तर गुणाकार तोच राहतो. चुकते फक्त हमाली, कारण ती आता १,५०० ‘क्विंटल’वर लागते. २७२ च्या जागी १५,००० कापले जातात आणि रक्कम २५,८०० येते. आकडा दिसायला अगदी साळसूद असतो, त्यामुळे नजरेतून निसटतो.

उपाय सोपा आहे. हाक मारताना नाव घेऊन द्या: निव्वळ_क्विंटल(रिकामं=३५२०, भरलेलं=६२४०). मग क्रम कोणताही चालतो. एकाच प्रकारचे दोन-तीन आकडे जात असतील तिथे मी हीच पद्धत सक्तीची करतो.

हमाली=१० लिहिलंय तो डिफॉल्ट. काही दिलं नाही तर १० धरायचं, दिलं तर दिलेलं. डिफॉल्टवाले पॅरामीटर नेहमी शेवटी लिहायचे, नाहीतर सिंटॅक्स एरर येते.

फंक्शनच्या आत केलेलं व्हेरिएबल बाहेर ‘डिफाइन्ड नाही’ म्हणतं. आत्ताच तर केलं!

ते आतलं होतं. फंक्शनच्या आत जन्मलेलं नाव फंक्शन संपलं की जातं. त्याला लोकल म्हणतात, आणि ही सोय आहे. तुमच्या फंक्शनमधला ‘एकूण’ आणि मित्राच्या फंक्शनमधला ‘एकूण’ एकमेकांच्या पायात येत नाहीत.

उलट बाजूने गंमत वेगळी आहे. बाहेरचं व्हेरिएबल आतून वाचता येतं. पण आत ‘एकूण = एकूण + रक्कम’ लिहिलंत की अनबाउंड-लोकल एरर येते. कारण असं: फंक्शनमध्ये कुठेही एखाद्या नावाला किंमत दिली, की पायथॉन ते नाव त्या पूर्ण फंक्शनपुरतं लोकल धरतो. मग उजव्या बाजूचा ‘एकूण’ वाचायला जावं तर त्याला अजून किंमतच मिळालेली नसते.

नेटवर शोधलं तर लगेच सांगतात, वर ग्लोबल लिही, एरर जाईल. जाते खरी. पण मग कुठलं फंक्शन कधी ‘एकूण’ बदलतंय ते शोधता शोधता रात्र होते. त्यापेक्षा जुना एकूण कंसातून आत द्या, नवा रिटर्नने बाहेर घ्या. शिकायच्या पहिल्या वर्षात ग्लोबल लिहायची वेळ आली, तर मांडणीत काहीतरी गडबड आहे असं खुशाल समजा.

पण यादी दिली की आतला बदल बाहेर दिसतो. मग लोकलचं काय झालं?

चांगला प्रश्न आहे, आणि हा विचारणारा पुढे जातो असा अनुभव आहे.

कांद्याचे भाव पेपरात तीन आकड्यांत येतात: किमान, कमाल, सरासरी. दिवसभराच्या लिलावांची यादी घेऊन हे तिन्ही काढणारं फंक्शन एकाने लिहिलं. आत त्याने भाव.सॉर्ट() केलं, पहिला आकडा किमान, शेवटचा कमाल. उत्तरं बरोबर. पुढे त्याच यादीवरून सकाळपासून भाव कसा चढला-उतरला याचा आलेख काढला, तर रेघ सरळ वर. दिवसभर भाव चढतच गेला म्हणे! लासलगावात असा दिवस उजाडला तर शेतकरी पेढे वाटतील.

झालं काय, तर फंक्शनला यादीची प्रत मिळत नाही, तीच यादी मिळते. आतलं नाव लोकल असलं तरी ते ज्याकडे बोट दाखवतं ती वस्तू बाहेरचीच. सॉर्ट() त्या वस्तूलाच जागच्या जागी फिरवतं. त्याऐवजी सॉर्टेड(भाव) वापरा, ते नवी यादी देतं आणि मूळ यादी जशीच्या तशी राहते. इथे तर तेवढंही नको, मिन(भाव) आणि मॅक्स(भाव) तयार आहेत.

तिन्ही आकडे एकदम परत देता येतात: रिटर्न किमान, कमाल, सरासरी. घेताना डाव्या बाजूला तीन नावं लिहायची.

याच जातीचा एक सापळा डिफॉल्टमध्येही आहे. डेफ नोंद(भाव, यादी=[]) असं लिहू नका. ती रिकामी यादी डेफच्या वेळी एकदाच तयार होते आणि प्रत्येक हाकेला तीच वापरली जाते, त्यामुळे कालचे भाव आजच्या यादीत निघतात. डिफॉल्ट नन ठेवा आणि आत गेल्यावर नवी यादी करा.

इनपुट फंक्शनच्या आत घेतलं तर चालेल का?

चालतं, पण करू नका. आत इनपुट असलेलं फंक्शन दर वेळी कीबोर्डसमोर माणूस मागतं. शंभर पट्ट्यांची फाइल आली तर शंभर वेळा टाइप करत बसणार का? इनपुट बाहेर घ्या, आकडा करा, मग फंक्शनला द्या.

इथे एक गोष्ट बऱ्याच जणांना माहीत नसते. मोबाईलवर मराठी कीबोर्ड असेल आणि कुणी १५०० देवनागरीत टाइप केलं, तरी पायथॉनचं इंट() आणि फ्लोट() ते नीट वाचतं. कोडमध्ये मात्र देवनागरी आकडा लिहिला की सिंटॅक्स एरर.

फंक्शनची नावं मराठीत ठेवली तर?

पायथॉन ३ मध्ये देवनागरी नावं चालतात, वरच्या कोडमधली सगळी नावं चालतील. शिकताना जरूर ठेवा, डोक्यातला हिशेब आणि कोड एकाच भाषेत राहतात. फक्त दर शब्दाला कीबोर्ड बदलायचा वैताग येतो, आणि नोकरीच्या ठिकाणी इंग्रजीच लागेल. नाव कोणत्याही भाषेत ठेवा, पण ते काम सांगणारं हवं. ‘फंक्शन१’, ‘टेस्ट२’, ‘नवीन_फायनल’ ही नावं नाहीत.

सम, मॅक्स, लिस्ट अशी पायथॉनची स्वतःची नावं व्हेरिएबलला देऊ नका. सम = ० लिहिलंत की पुढे सम(भाव) म्हटल्यावर ‘इंट कॉलेबल नाही’ अशी तक्रार येते.

आमच्या कॉलेजात सी शिकवतात. हे सगळं तिथे लागू आहे का?

विचार तोच, शिस्त जास्त कडक. सीमध्ये प्रत्येक पॅरामीटरचा आणि परत येणाऱ्या किमतीचा प्रकार आधी सांगावा लागतो. काहीच परत द्यायचं नसेल तर व्हॉइड. फंक्शन मेनच्या खाली लिहिलं असेल तर वर त्याचं प्रोटोटाइप द्यायचं.

पण आपल्या पट्टीत खरा घोळ भागाकाराचा होतो. सीमध्ये दोन्ही आकडे इंट असतील तर २७२० / १०० चं उत्तर २७ येतं, दशांश कापून टाकला जातो. वीस किलो कांदा हवेत, १,५०० च्या भावाने ३०० रुपये गेले, आणि कंपायलर चकार शब्द काढत नाही. १००.० लिहा आणि रिटर्नचा प्रकार फ्लोट किंवा डबल ठेवा. एक बदलून दुसरं विसरलात तरी दशांश जातोच.

दोन व्हेरिएबलची अदलाबदल करणारं स्वॅप फंक्शन परीक्षेला येतंच. सी किमतीची प्रत आत पाठवतं, म्हणून साध्या पॅरामीटरने बाहेर काही बदलत नाही. त्यासाठी पत्ता, म्हणजे पॉइंटर पाठवायचा.

रिकर्शन आत्ताच शिकू का?

कशाला घाई? एवढं माहीत असू द्या की फंक्शन स्वतःलाच हाक मारू शकतं आणि कुठे थांबायचं ते आपण सांगायचं असतं. नाही सांगितलं तर साधारण १,००० हाकांनंतर पायथॉन स्वतःच रिकर्शन एरर देऊन थांबवतो. बाकी फॅक्टोरियलच्या पलीकडची खरी उदाहरणं फोल्डरमधले फोल्डर वगैरे आल्यावर बघू.

लॅपटॉप नाही. मोबाईलवर जमेल?

फंक्शनपर्यंत तरी आरामात. अँड्रॉइडवर पायड्रॉइड ३ आहे, किंवा ब्राउझरमध्ये गूगल कोलॅब उघडा. अडचण एकच, इंडेंटेशन. छोट्या स्क्रीनवर चार स्पेस आणि तीन स्पेस यातला फरक दिसत नाही. ओळी छोट्या ठेवा, फंक्शनही छोटी ठेवा. एक फंक्शन स्क्रोल न करता दिसलं पाहिजे, हा नियम लॅपटॉपवाल्यांनीही पाळावा.

एआयला सांगितलं की फंक्शन तयार मिळतं. मग शिकायचं कशाला?

मिळतं, आणि बऱ्याचदा चांगलं मिळतं. पण ते बरोबर आहे का हे तुम्हालाच ठरवायचंय. एक उदाहरण देतो.

‘दिलेल्या वर्षी नाशिकला सिंहस्थ आहे का’ हे सांगणारं फंक्शन मागा. हमखास असं येतं:

डेफ सिंहस्थ_आहे_का(वर्ष):
    रिटर्न (वर्ष - २०१५) % १२ == ०

२००३ द्या, ट्रू. २०१५, ट्रू. २०२७, ट्रू. २०२०, फॉल्स. झालं, पास! आता घरातल्या जुन्या माणसांना विचारा. १९८० चा सिंहस्थ त्यांना आठवत असेल. फंक्शन म्हणतं १९८० फॉल्स, कारण त्याच्या हिशेबाने १९७९ यायला हवं. सिंहस्थ गुरू सिंह राशीत येण्यावर ठरतो, आणि गुरूची सूर्याभोवतीची फेरी १२ नाही, सुमारे ११.८६ वर्षांची. बारा-बाराची उडी मारत गेलं की मधूनच एक वर्ष घसरतं. शिवाय पर्व एका इंग्रजी वर्षात मावत नाही, पुढच्या वर्षात जातं. म्हणजे ‘वर्ष’ एवढा एकच पॅरामीटर पुरतो का, इथूनच शंका घ्यायला हवी.

कोडची ओळ चुकलेली नाही, सांगितलं ते ती चोख करते. चुकलंय ते गृहीतक, आणि ते ओळखायला फंक्शन वाचता आलं पाहिजे.

मग तपासायचं कसं?

उत्तर आधी कागदावर काढायचं, मग फंक्शनला विचारायचं. उलटं केलं की डोळे फसतात. पायथॉनमध्ये असर्ट आहे:

असर्ट पट्टी_रक्कम(२७.२, १५००) == ४०५२८

बरोबर असेल तर गप्प, चूक असेल तर तिथेच थांबतं. साध्या आकड्याबरोबर कडेचे आकडेही द्या: शून्य क्विंटल, भरलेलं आणि रिकामं सारखंच, हमाली शून्य. दशांशाच्या हिशेबात तंतोतंत == कधीकधी दगा देतं (०.१ + ०.२ चं उत्तर पायथॉनला विचारा), तेव्हा राउंड() करून तपासा.

रविवारी येताना काय करून आणू?

घरी कांद्याची किंवा टोमॅटोची पट्टी असेल तर ती घ्या आणि तिच्यावर जेवढ्या कपाती छापल्यात तेवढ्या धरून पट्टी_रक्कम नव्याने लिहा. शेवटची रक्कम पट्टीशी जुळली पाहिजे, रुपयाच्या फरकासकट कारण सांगता आलं पाहिजे.

शेती नसेल तर लाइट बिल आणा. युनिट द्यायचे, वीज आकार परत घ्यायचा. स्लॅबचे दर बिलावर मिळतील. इथे बरेच जण सगळ्या युनिटना वरच्या स्लॅबचा दर लावतात. पहिल्या १०० युनिटना पहिला दर आणि त्यापुढच्यांनाच पुढचा, हे लक्षात ठेवा. ९९, १०० आणि १०१ युनिटची उत्तरं कागदावर काढून आणा, कोड त्यानंतर बघू.